वासराची भाकणूक झाली, आता देवळाच्या छपराचं बोलू

कुंभारवेस | १८ जानेवारी, रात्री १०:४२

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली जत्रा, म्हणजे आमचा गड्डा, अजून होम मैदानावर चालू आहे, त्यामुळे घरी शांतता नाही. पोरं पाळण्यावरून उतरायला तयार नाहीत. म्हणून इथं येऊन बसलोय.

होमाच्या रात्री भाकणूक झाली. बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सिद्धेश्वर यात्रेत होम पेटवून झाला की दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात आणि त्याच्यापुढं धान्य, गूळ वगैरे ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, मूत्र करतं का, यावरून वर्षाचं पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. यंदाचं भाकीत पेपरात आलंच आहे. आमची आई ते ऐकून ज्वारी किती भरायची ते ठरवते, आणि खरं सांगायचं तर तिचा अंदाज माझ्या मोबाईलपेक्षा फार काही वाईट नसतो.

मी वासराला हसणाऱ्यांतला नाही. पण २०२४च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं आणि २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीनं गावंच्या गावं पाण्यात घातली. दीड वर्षात दोन टोकं. इतकं उलटसुलट असेल तर वासरानं तरी काय करायचं?

आता मुद्दा. आमच्या गल्लीतल्या देवळाचा मी खजिनदार आहे. पात्रता एवढीच की माझ्याकडं कॅल्क्युलेटर आहे. परवाच्या बैठकीत वीजबिल वाचून दाखवलं. महिन्याला ९०० युनिट. सभामंडपातले फोकस, पाण्याची मोटर, सकाळ-संध्याकाळचा भोंगा, आणि गाभाऱ्याबाहेर एका दात्यानं बसवून दिलेला दोन टनाचा एसी. महाप्रसादाचे १९ किलोचे सिलिंडर वेगळेच. बोअर २०२४च्या एप्रिलात गेलं ते गेलंच, तेव्हापासून अभिषेकालाही टँकर. देवाला टँकरच्या पाण्यानं अंघोळ घालताना पुजाऱ्याचा चेहरा बघवत नाही.

सगळा हिशेब मांडला तर वर्षाला १०,८०० युनिट होतात. आपल्या देशात एक युनिट विजेमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका गल्लीतल्या एका देवळाचे वर्षाला साडेसात टन. सोलापुरात देवळं किती, मशिदी किती, चर्च, विहार, मठ किती? प्रत्येकाला छप्पर आहे, बहुतेकांना स्वयंपाकघर आहे, आणि लोक त्यांचं ऐकतात. महापालिकेचं कोण ऐकतं सांगा.

तर विचारायचं ते असं: तुमच्या देवस्थानानं, जमातीनं, मंडळीनं हवामानाच्या या भानगडीत प्रत्यक्ष काही केलंय का? फलक नको, शपथ नको. बिल कमी झालं, पाणी वाचलं, असलं काही. आणि फसलं असेल तर तेही सांगा, ते जास्त उपयोगाचं.

---

रोखठोक | १८ जानेवारी, रात्री ११:२०

झालं, आता देवाच्या एसीवर पण कार्बनचा हिशेब. आहेरवाडीला १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे, उजनीचं पाणी पिऊन कोळसा जाळतंय. ते सोडून तुम्ही आमच्या निरांजनाच्या मागं लागा.

अमेरिका-युरोपनं दीडशे वर्षं धूर काढला आणि बिल आलं कुंभार वेशीत. शिवाय दरवेळी सुधारायचं ते सणांनीच. दिवाळी आली की हवा, गणपती आला की पाणी, गड्डा आला की शोभेचं दारूकाम.

---

कुंभारवेस | १८ जानेवारी, रात्री ११:३४

रोखठोक, निरांजनाचं मी नावच घेतलं नाही, एसीचं घेतलं. दोन्हीत फरक आहे. आणि आहेरवाडीचा कोळसा जळतो तो आपण बटण दाबतो म्हणूनच की. आपलंच पाणी, आपलाच दिवा.

---

सौरमंडळ | १९ जानेवारी, सकाळी ८:०५

दुरुस्ती: आहेरवाडीची वीज ग्रिडात जाते, तुमच्या देवळात नेमकी तीच येते असं नाही. पण मुद्दा समजला.

छपरावर पॅनेल बसवणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा स्वार्थ धरूनच वाचा. धार्मिक जागांची सात-आठ कामं केली, त्यातून शिकलेलं सांगतो.

एक किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते, आणि आपल्याकडं त्यातून वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट मिळतात. तुमचे ९०० युनिट म्हणजे साडेसात किलोवॅट. आता गंमत अशी की देवळाला शिखर असतं. मी पहिल्यांदा देवळाच्या स्लॅबवर फीत लावून मोजलं तेव्हा जागा १२०० चौरस फूट भरली, आणि खूश होऊन कोटेशन दिलं. नंतर कळलं की सकाळी शिखराची सावली पश्चिमेकडं आणि दुपारनंतर पूर्वेकडं फिरते. कामाची जागा निघाली ५००. एका पॅनेलवर सावली पडली की त्या ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडतं. म्हणून आधी सावली बघा, मग पैसे. हिवाळ्यात बघा, तेव्हा सूर्य खाली असतो.

दुसरं, सोलापूरचं ऊन म्हणजे पॅनेलला पर्वणी असं लोकांना वाटतं. पॅनेलला उजेड आवडतो, उष्णता आवडत नाही. २५ अंशांच्या वर काच जितकी तापेल तितकं, अंशामागं साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्यात काच ६५ अंशांवर जाते, म्हणजे सहावा हिस्सा तिथंच गेला. पॅनेल स्लॅबला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. आणि धूळ! पंधरा दिवसांनी फडकं मारायला माणूस ठरवलेला असू द्या, नाहीतर वर्षभरात ते छत होतं, पॅनेल राहत नाही.

तिसरं म्हणजे पैसे. २०२४मध्ये आलेली सूर्यघर योजना राहत्या घरांसाठी आहे. घराला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, देवळाला नाही. मग काही कंपन्या येतात आणि म्हणतात की पैसे आमचे, छप्पर तुमचं, २५ वर्षांचा करार करा. चांगलं वाटतं. पण देवस्थान नोंदलेला न्यास असेल तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६ आडवं येतं. इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. छप्पर देणं हा भाडेपट्टा धरायचा का, यावर वकिलाला आधी विचारा. एका विश्वस्त मंडळानं सही करून नंतर विचारलं. ते अजून तारखा घेतायत.

---

चादरवाला | १९ जानेवारी, सकाळी ९:४०

सौरमंडळ, लई उपयोगाचं लिहिलात.

मी पूर्व भागातला, पद्मशाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथापुढं नाचणारा माणूस. माझा मुद्दा छपरावरचा नाही, छपराखालचा आहे.

आमचा कारखाना पत्र्याचा. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४३-४४ असतं तेव्हा आत किती असतं ते विचारू नका. यंत्रमागावरचा कामगार दुपारी बाहेर येतो तो सावली शोधत. तेच हमाल, तेच रिक्षावाले, तेच घरकाम करून परतणाऱ्या बायका. आणि त्या वेळेला शहरातली सगळ्यांत गार जागा कुठली? दगडी देऊळ. जाड भिंती, उंच छत. आणि बरोबर त्याच वेळी, १२ ते ४, देवळाला कुलूप! देव झोपलाय म्हणे.

देव झोपू दे की. गाभारा बंद ठेवा. सभामंडपाला कुलूप कशाला बे? (बे म्हटल्याबद्दल माफी, सवय.) माठात पाणी, दोन पंखे, चार चटया. कार्बन कमी होईल तेव्हा होईल, तोवर माणूस जगला पाहिजे ना. उष्माघातानं माणूस पडला तर आधी सावली लागते आणि पाणी. दोन्ही देवळाकडं आहे.

---

शेंगाचटणी | १९ जानेवारी, सकाळी १०:१५

चादरवाला +१. हा प्रतिसाद फलकावर छापायला हवा. (फलक नको म्हटलंय धागाकर्त्यांनी, सॉरी.)

---

रोखठोक | १९ जानेवारी, सकाळी १०:५०

सभामंडप उघडा ठेवला की दोन दिवसांत पत्त्यांचा अड्डा होतो. आमच्याकडं करून बघितलंय. गुटख्याच्या पिचकाऱ्या कोण धुणार? चप्पलचोरी वेगळीच.

बाकी चादरवाल्यांचा मुद्दा चूक नाही, एवढं मान्य.

---

विजापूरवेस | १९ जानेवारी, दुपारी ३:२५

सलाम सगळ्यांना. आमच्या मशिदीची गोष्ट सांगतो. फसलेली आणि जमलेली, दोन्ही.

पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करताना नळ सोडून ठेवायची सवय सगळ्यांची. आमच्यातल्या एका पोरानं नळाखाली बादली ठेवून मोजलं, माणशी ६-७ लिटर. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, चारशे माणूस धरा. अडीच हजार लिटरच्या वर पाणी अर्ध्या तासात गटारात.

आता हदीसमध्ये येतं की पैगंबर साहेब एका मुद्द पाण्यात वजू करायचे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं, पाऊण लिटरच्याही आत. आणि वाहत्या नदीवर बसला असाल तरी पाणी वाया घालवू नका, असंही आहे. हे सगळ्यांना पाठ. तरी नळ चालूच. मौलाना साहेबांनी दोन जुम्मे यावर बयान केलं, लोक माना डोलावून वजूला गेले आणि नळ पूर्ण सोडला. हे फसलेलं.

जमलेलं असं की प्लंबरला बोलावून नळांच्या आत बारीक जाळी बसवली आणि मुख्य नळीचा व्हॉल्व्ह अर्धा आवळला. कुणाला सांगितलं नाही. माणशी पाणी तीन लिटरवर आलं. एक महिना कुणाच्या लक्षातही आलं नाही, नंतर एका चाचांनी प्रेशर कमी झाल्याची तक्रार केली, तेव्हा त्यांना महापालिकेचं कारण सांगितलं. अल्लाह माफ करे.

दुसरं काम म्हणजे वजूचं पाणी झाडांना. यावर वाद झाला. वापरलेल्या पाण्यानं परत वजू होत नाही, ते ठीक, पण झाडाला घालायला काय हरकत? जाणत्यांना विचारून घेतलं. आता हौदाची नळी मागच्या दोन कडुलिंबांकडं काढलीय. साबण नसतो त्या पाण्यात, म्हणून गाळायचीही गरज नाही.

बाहेरचं म्हणाल तर २०१५च्या ऑगस्टमध्ये इस्तंबूलला जगभरातल्या मुस्लिम विद्वानांनी हवामान बदलावर जाहीरनामा काढला होता. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीनं ५००हून जास्त सौर पॅनेल बसवली, वजूचं पाणी पुन्हा वापरायला घेतलं. मी हे आमच्या कमिटीत सांगितलं तर एकजण म्हणाला, “ते ठीकाय, पण व्हॉल्व्ह कुणी आवळला ते सांग.”

---

बाराबंदी | १९ जानेवारी, रात्री ८:१०

विजापूरवेस, व्हॉल्व्हची युक्ती फार आवडली.

मी सत्तरीचा माणूस. यात्रेतले उंच नंदीध्वज पेलण्याचं वय गेलं, पण बाराबंदी (यात्रेत घालायचा पांढरा पोशाख) अजून इस्त्री करून ठेवतो. मला एक सांगायचंय, थोडं लांबेल.

आपण बोलताना जणू धर्मानं आता नव्यानं पर्यावरणाकडं वळायचंय असा सूर लावतोय. सोलापुरात तरी उलटं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी काय केलं? ६८ लिंगं स्थापली हे आपण सांगतो, त्यांची प्रदक्षिणाही करतो. कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावायला संमती दिली, त्याच्या अक्षता आजही संमती कट्ट्यावर पडतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणताना अंगावर काटा येतो. पण या सगळ्याच्या मधोमध जे पसरलंय ते काय आहे? तलाव. अवर्षणाच्या मुलखात माणसं जमवून, माती उपसून केलेला तलाव. मंदिर पाण्याच्या मधे उभं आहे.

बसवण्णांच्या शरण परंपरेत याला कायक म्हणतात. घाम गाळून केलेलं काम, आणि त्याचं फळ सगळ्यांत वाटणं म्हणजे दासोह. आपण दासोह ठेवला (जेवणावळी जोरात आहेत) आणि कायक सोडलं. पूर्वी तलावातला गाळ काढायला लोक जमत, असं माझे आजोबा सांगायचे. आता गाळ म्हटलं की निविदा.

म्हणून मला पॅनेल-बिनेल ठीक वाटतं, पण ते विकत आणून बसवायचं काम आहे. पैसे दिले की संपलं. देवस्थानाला जे जमतं आणि सरकारला जमत नाही ते म्हणजे हजार माणसं एका हाकेवर, बिनपगारी, आठवडाभर. ती हाक पाण्यासाठी द्या. आडांसाठी द्या. पेठांतून जुने आड कचऱ्यानं भरलेत. ते उपसा.

दारूकामाविषयी रोखठोकांनी छेडलंच आहे म्हणून सांगतो. शोभेचं दारूकाम मी लहानपणापासून बघतो, मला आवडतं. पण आवाजाची स्पर्धा लागली ती नंतरची, ती परंपरा नव्हे. रंग ठेवा, दणका काढा. एवढं म्हटलं म्हणून मला कुणी धर्मद्रोही ठरवलं तर ठरवो.

---

रोखठोक | १९ जानेवारी, रात्री ८:४५

आप्पा, तुम्हाला कोण ठरवतंय? तुम्ही बोललात तर ऐकतो. सातशे किलोमीटरवरून कुणी एनजीओवाला येऊन बोलला की डोकं फिरतं, एवढंच.

---

सीनाकाठ | २० जानेवारी, सकाळी ६:५५

मोहोळ तालुक्यातून लिहितोय. शहरातली चर्चा वाचून बरं वाटलं, जरा इकडंही बघा.

सप्टेंबरात आमच्या घरात पाणी छातीला लागलं होतं. तीन दिवस शाळेत. जेवण आलं ते मंदिरांकडून, अन्नछत्रांकडून, मशिदीच्या पोरांकडून, गुरुद्वाऱ्याकडून. सरकारी यादी व्हायच्या आधी. उपकार विसरणार नाही.

पण खरं सांगू का? पहिले दोन दिवस जेवण कमी, चौथ्या दिवशी इतकं की पुरीभाजी जनावरांपुढं टाकली. आणि जनावरांना पाहिजे होती वैरण. ती कुणीच आणली नाही. नंतर घराघरात ढोपरभर गाळ. तो काढायला माणसं पाहिजे होती, फावडी पाहिजे होती. तोवर गाड्या परत गेलेल्या, फोटो निघालेले. विहिरी गाळानं भरल्या, त्या अजून तशाच आहेत बऱ्याच.

तर बाराबंदी आप्पा म्हणतात ते बरोबर हाय. आमच्या गावात दरसाल सप्ताह होतो. सात दिवस हरिपाठ, कीर्तन, काल्याला सगळ्या गावाचं जेवण. वर्गणी घरटी ठरलेली. यंदा महाराजांना विनंती केली की सकाळचे तीन तास विहीर उपसायला द्या, कीर्तन संध्याकाळी आहेच. महाराज पहिल्या दिवशी स्वतः घमेलं घेऊन उतरले. मग कोण घरी बसतंय! दोन सार्वजनिक विहिरी सात दिवसांत मोकळ्या झाल्या. पंपानं तळ घेतला, बाकी हातानं.

एक चूक झाली. काढलेला गाळ विहिरीच्या काठालाच टाकला. पहिल्या वळवाला निम्मा परत आत जाणार. आता तो शेतात वाहून न्यायचं काम राहिलंय, आणि त्याला महाराज नाहीत.

---

कुंभारवेस | २० जानेवारी, सकाळी ९:१०

सीनाकाठ, वैरणीची गोष्ट डोक्यात बसली. आम्हीही पुरीभाजीच पाठवली होती. लाज वाटली वाचून.

---

रंगभवनजवळ | २० जानेवारी, दुपारी १:३०

आमच्या चर्चच्या मंडळीबद्दल काय लिहू? उपदेश भरपूर झाले. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांचं या विषयावरचं परिपत्रक आलं तेव्हा आम्ही प्रोटेस्टंट असूनही अभ्यासवर्गात वाचलं. व्हॅटिकननं २००८मध्येच आपल्या मोठ्या सभागृहाच्या छपरावर पॅनेल बसवली होती, आणि इंग्लंडच्या चर्चनं २०३०पर्यंत उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलंय. हे सगळं आम्हाला ठाऊक. आणि तरी आवारातली चिंच पाडली, कारण चारचाकी लावायला जागा नव्हती.

त्या चिंचेखाली कापणीच्या सणाचा लिलाव व्हायचा. लोक धान्य, कोंबड्या, भोपळे आणायचे, बोली लागायची. आता लिलाव मांडवात होतो. मांडवाचं भाडं दरवर्षी भरतो. चिंच फुकट होती.

---

अनर्थदंड | २० जानेवारी, दुपारी २:१५

रंगभवनजवळ ताई/दादा, दुःखात सहभागी.

मी जैन आहे, माझ्या सदस्यनामाचा अर्थ सांगते. श्रावकाच्या व्रतांमध्ये एक अनर्थदंड-विरती. काही कारण नसताना होणारी हिंसा टाळायची. कारण असेल तर एकवेळ चालेल, पण विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण झाड तोडणं, विनाकारण आग पेटवणं नाही. मला वाटतं हवामानाच्या सगळ्या गप्पा या एका व्रतात बसतात. आणि तरी आमच्या समाजाच्या लग्नांत उघड्या लॉनवर एसीचे भोंगे लावतात. उघड्यावर! आकाश गार करायला!

---

माळढोक | २० जानेवारी, सायंकाळी ६:४०

एक महत्त्वाची हरकत नोंदवून ठेवतो, कारण धाग्यात लवकरच कुणीतरी “चला ५००० झाडं लावू” म्हणणार आहे.

कृपया माळरानावर झाडं लावू नका.

दर जुलैत कुठला ना कुठला संप्रदाय ट्रक भरून रोपं घेऊन गायरानावर येतो. श्रद्धेनं येतात, खड्डे खणतात, वारीतल्या त्या ठरलेल्या अभंगाचा फलक लावतात. पण सोलापूरचं माळ म्हणजे उजाड पडलेली जमीन नव्हे. ते गवताळ रान आहे, त्याचं स्वतःचं जग आहे. नान्नजचं अभयारण्य १९७९मध्ये माळढोक पक्ष्यासाठी झालं. माळढोकाला लांबवर दिसायला मोकळं रान लागतं, झाडी नको असते. आता तो दिसला तरी बातमी होते. धाविक, लांडगा, काळवीट, चंडोल हे सगळे गवतातले. आणि मेंढपाळांची कुरणं तीच. गवताची मुळं जमिनीत कार्बन धरून ठेवतात, दुष्काळातही. तिथं खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावणं म्हणजे एका जंगलात दुसरं जंगल घुसवणं.

शिवाय ती रोपं मार्चपर्यंत मरतात. टँकर माणसांना नाही, रोपांना कोण देणार?

झाडं लावायचीच तर शहरात लावा. देवळाच्या अंगणात, शाळेपाशी, बसथांब्यावर. कडुलिंब, वड, पिंपळ, चिंच. जिथं रोज कुणीतरी तांब्याभर पाणी घालेल. बिष्णोई समाजाचं उदाहरण सगळे देतात, १७३०मध्ये खेजडीच्या झाडांसाठी ३६३ माणसांनी जीव दिला. लक्षात घ्या, त्यांनी नवी झाडं लावण्यासाठी नाही, असलेली तोडू न देण्यासाठी दिला. चिंच आठवा.

---

शेंगाचटणी | २० जानेवारी, सायंकाळी ७:०५

मी खरंच ५००० झाडांचं लिहिणार होते. टाईप केलेलं पुसलं.

---

भोजनव्यवस्था | २१ जानेवारी, सकाळी ११:००

स्वयंपाकघराबद्दल कुणी बोललंच नाही. शिर्डीला २००९पासून ७३ सौर तबकड्या लावून वाफेवर प्रसादालय चालवायची सोय आहे. तिरुमलालाही २००२मध्ये तशीच सोय केली होती. ऊन आरशानं एकवटायचं, पाण्याची वाफ करायची, वाफेवर भात-वरण शिजवायचं. गल्लीतल्या देवळाला हे झेपणार नाही, माझा आग्रहही नाही. पण मी तीस वर्षं पंगती शिजवल्यात, त्यामुळे फुकटचे चार शब्द ऐका. डाळ-तांदूळ आधी भिजवा. पातेल्यावर झाकण ठेवा (हसू नका, मोठ्या पातेल्याला झाकण कुणी ठेवत नाही). चुलीला वाऱ्याचा आडोसा करा. आमच्याकडं एवढ्यानंच दर महाप्रसादाला पाचाऐवजी चार सिलिंडर लागायला लागले.

आणि उरलेलं अन्न. आचारी २० टक्के जास्तच धरतो, कारण कमी पडलं तर शिव्या त्याला बसतात. जास्त झालं तर कुणालाच बसत नाहीत. पंगतीला नावं आधी घ्या.

---

कुंभारवेस | २४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. परवा देवळाच्या विश्वस्तांची बैठक झाली, धाग्यातलं बरंचसं तिथं मांडलं. निकाल सांगतो.

एसी निघाला नाही. दात्याचं नाव कोरलेली पितळी पट्टी त्यावर आहे, आणि दाते अजून हयात आहेत, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. रोज फक्त आरतीच्या वेळी लावायचा ठरलं. पुजारी म्हणाला, “मलाच तो नको होता, सर्दी होते.” हे तो चार वर्षांत पहिल्यांदा बोलला, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पॅनेल: सौरमंडळ यांनी स्वतः येऊन सावली मोजली (पैसे घेतले नाहीत, चहा घेतला). साडेसातची जागा नाही, शिखर आडवं येतं. ५ किलोवॅट मंजूर, स्वतःच्या पैशानं, करार-बिरार नाही. पावणेतीन लाखांच्या आसपास जातील. निम्मे जमलेत.

पाणी: सभामंडपाचं आणि बाजूच्या खोल्यांचं मिळून २००० चौरस फूट छप्पर आहे. आपल्याकडं ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी वर्षाला ८० हजार लिटर होतात. आजवर ते पन्हाळीतून थेट रस्त्यावर जायचं आणि समोरच्या घरवाल्यांच्या शिव्या खायचं. आता नळी खाली आणून दगड, खडी, वाळूच्या खड्ड्यातून त्याच मेलेल्या बोअरमध्ये सोडायचं. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढायचं, कारण शिखरावर कबुतरं आहेत. खड्डा खणायला गल्लीतली माणसं. बाराबंदी आप्पांनी पहिली कुदळ मारायला यायचं कबूल केलंय.

सगळ्यांत मोठा वाद झाला सभामंडपावर. दुपारी १२ ते ४ उघडा ठेवायचा की नाही यावर दीड तास. पत्ते, गुटखा, चप्पल, सगळं निघालं. शेवटी एक आजीबाई म्हणाल्या की लोक देवाकडं पाय करून झोपतील. त्यावर सगळे गप्प. मग ठरलं की चटया आडव्या घालायच्या, उत्तर-दक्षिण, आणि गाभाऱ्यासमोर पडदा. पहारा म्हणून दुपारी बायकांचं भजनी मंडळ तिथंच सरावाला बसणार, म्हणजे पत्ते आपोआप बंद. गुढीपाडव्यापासून सुरू.

वैरणीसाठी वेगळं खातं उघडलंय. सध्या त्यात ११०० रुपये आहेत.

---

रोखठोक | २४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

भजनाच्या आवाजात झोप कुणाला लागणार? असो. वैरणीच्या खात्याचा नंबर खासगीत पाठवा.

---

चादरवाला | २४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

चटया माझ्याकडून. आणि पाण्याला दोन रांजण देतो, पण त्यावर माझं नाव घालू नका अण्णा. नाव घातलं की त्या एसीसारखं होतं, उद्या फुटला तरी कुणी बदलणार नाही.

---

कुंभारवेस | २४ फेब्रुवारी, रात्री १०:४१

चालेल. झाकणं मात्र लाकडी द्या, पत्र्याची उन्हात तापतात. आणि एक लांब दांड्याचं ओगराळं.